हमिदाबीच्या हातची तख्ती

मित्रांनो, लोहाऱ्यातल्या एखाद्या घराच्या ओट्यावर, भिंतीला पाठ टेकून उन्हात बसलेली एक लाकडी फळी तुम्हाला दिसली, तर तिला जळण समजू नका. ती मी असेन. मी एक जुनी तख्ती आहे. तुमच्या हातात आज काळी दगडी पाटी असते. तुमच्या वडिलांच्या हातात, ते तुमच्याएवढे असताना, मी असायचे. हातभर लांब फळी, वर धरायला मूठ, अंगाला पांढऱ्या मातीचा पातळ लेप. त्यावर बोरूनं काळ्या शाईत लिहायचं, संध्याकाळी धुऊन टाकायचं आणि पुन्हा सारवून वाळवायचं. रोज लिहिलं जाणं आणि रोज पुसलं जाणं, एवढाच माझा जन्म.

गुंडप्पा सुताराच्या अंगणात मी घडले. वादळात आडव्या झालेल्या कडुलिंबाच्या फळ्या निघाल्या, त्यातल्या एकीतून मी. गुंडप्पानं रंधा मारून मला गुळगुळीत केलं, पण माझ्या खालच्या कोपऱ्यात एक गाठ होती, ती काही रंध्याला जुमानेना. शाळेतली पोरं मला हातात घेईनात. "हिच्यावर शाई फुटती," म्हणत. शाळेचे मास्तर नबीलाल. त्यांनी मला उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "कुणी घेईना का हिला? मग ही माझी." झालं. मी मास्तरांची कित्त्याची तख्ती झाले. सकाळी ते माझ्यावर वळणदार अक्षर काढत आणि पोरं ते बघून गिरवत.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दूची. मास्तरांचा बोरू माझ्या उजव्या काठावरून निघून डाव्या काठाला पोचायचा. संध्याकाळी शाळा सुटली की मास्तरांच्या घरी तख्त्यांची रांग लागे. ज्या पोरांच्या आया रानातून दिवेलागणीला परतायच्या, त्यांच्या तख्त्या मास्तरांची बायको धुऊन द्यायची. तिचं नाव हमिदाबी. मास्तरांना मी अहो-जाहो करते, पण हमिदाबीला 'ती'च म्हणणार. आईला कुणी अहो-जाहो करतं का?

ती नारळाच्या शेंडीनं आमची शाई घासायची. पांढरी माती ताकासारखी पातळ कालवायची. मग तळहात बुडवून वरून खाली एकाच हातानं लेप द्यायची, बोटांचा माग उरू न देता. तो हात अंगावरून गेला की मला नवं लुगडं नेसल्यासारखं वाटे. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. लग्न झाल्या झाल्या मास्तरांनी तिला शिकवायला बसवलं होतं म्हणे. तर ती म्हणाली, "तुमी लिवा, मी पुसते. दोघांनी एकच काम कशाला करायचं?"

त्यांना मूलबाळ झालं नाही. पण रोज संध्याकाळी ओट्यावर तख्त्यांची ती रांग वाळत बसलेली असे. जाणारी-येणारी माणसं म्हणत, "हमिदाबी, लेकरं न्हाऊ घातलीस वाटतं!"

भिंतीपलीकडं सारजाबाई राहायची, रामकिसन पाटलाची बायको. पहाटे दोघी एकाच जात्याला बसत. सारजाबाईचा गळा उघडा, हमिदाबीचा थोडा घोगरा. एकीनं ओवीची पहिली ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. मास्तर अंथरुणातूनच म्हणत, "सारजाबाई, जरा हळू. अजून कोंबडं आरवलं न्हाय." पलीकडून उत्तर यायचं, "कोंबड्याला मीच उठवणार हाय, मास्तर!"

मग राज्य बदललं. निजाम गेला, शाळेत मराठी आली, आणि मराठीच्या पाठोपाठ दगडी पाट्या आल्या. आम्हा तख्त्यांचा ढीग शाळेच्या मागच्या बाजूला पडला. एक-एक करून माझ्या बहिणी पाणी तापवायच्या चुलीत गेल्या. मला मास्तरांनी काखेत मारून घरी आणलं. त्यांना नोकरी टिकवायला मराठी अक्षरं शिकावी लागली, आणि ती ते माझ्यावर शिकले. केस पिकलेल्या माणसानं माझ्यावर अ, आ, इ गिरवलं. बोरू आता डावीकडून चालू लागला. सुरुवातीला मला उलट्या केसांतून फणी फिरवल्यासारखं वाटायचं. पुढं तेही अंगवळणी पडलं.

मास्तर नोकरीतून सुटले आणि मी माळ्यावर गेले. तिथं मिरच्यांचं पोतं, पाळण्याची तुटकी दोरी आणि मी. बरीच वर्षं गेली. माती उडाली, अंगाला भेगा पडल्या. खाली काय चाललंय ते नुसतं कानावर यायचं. आणि जे कानावर येत होतं ते हळूहळू बदलत चाललं.

आधी चहात मीठ पडलं. मग चुलीवर भाकरी ठेवून हमिदाबी पाण्याला गेली आणि आडावरच बसून राहिली. मग एक दिवस तिनं मास्तरांना विचारलं, "अब्बा आले न्हाईत अजून बाजारातून?" तिचे अब्बा जाऊन केवढा तरी काळ लोटला होता. मास्तरांनी तसं सांगितलं, तर ती अशी रडली, जणू आत्ताच मयत झाली. थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं पुन्हा विचारलं, "अब्बा आले न्हाईत?"

मास्तर तिला हकीमाकडं घेऊन गेले. हकीम म्हणाले, हे वयाचं दुखणं आहे, अंगातून काढून टाकणारं औषध ह्याला नाही. दर्ग्याचा ताईत आणला, तो तिनं हौसेनं गळ्यात घातला आणि कुठं काढून ठेवला ते विसरून गेली.

एका संध्याकाळी, शाळा सुटायच्या वेळेला, ती घरातून नाहीशी झाली. सापडली ती शाळेत. आताचे मास्तर तिला हाताला धरून घेऊन आले. म्हणाले, "वर्गात येऊन तख्त्या मागत होत्या. म्हणत होत्या, द्या लवकर, ऊन जाईल. पोरं हसायला लागली, म्हणून घेऊन आलो."

नबीलाल मास्तर उठले. माळ्याला शिडी लावली, मिरच्यांचं पोतं बाजूला सारलं आणि मला खाली आणून तिच्या हातात दिलं.

मित्रांनो, त्या हाताला काही म्हणजे काही विसर पडला नव्हता. चूल कुठं ते तिला आठवत नव्हतं, पण माती किती पातळ कालवायची ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. वरून खाली, एकाच हातानं. मग तिनं मला ओट्यावर उन्हाकडं तोंड करून टेकवलं, पदराला हात पुसले आणि सुस्कारा टाकला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

तेव्हापासून रोजचं काम लागलं. पण तख्ती धुवायची तर आधी तिच्यावर काहीतरी लिहायला हवं. सकाळी मास्तर मला मांडीवर घेऊन बसत. आधी नुसती अक्षरं काढली. मग रामलिंगाच्या डोंगरावरच्या झाडांची नावं. मग लिहायला काही सुचेना म्हणून एक दिवस त्यांनी घरात घडलेलंच लिहिलं. सारजाबाईचं जातं पलीकडं फिरत होतं, त्या घरघरीवर ते आपोआप ओवीत बसलं.

साखरेच्या जागी, मीठ चहात पडलं
हसू तिचं बाई, त्याच्यावरती सांडलं

मास्तरांनी ते लिहिलं, वाचलं आणि चकित झाले. उभ्या जन्मात त्यांनी हिशोब आणि कित्ते सोडून काही लिहिलं नव्हतं. ती चहाची सकाळ त्यांना किती कडू गेली होती. माझ्यावर उतरली तेव्हा तिच्यात हमिदाबीचं हसू होतं. ते हसू घडलं तेव्हा त्यांना दिसलंच नव्हतं, लिहिताना दिसलं. मग ते रोज लिहू लागले. एकेक ओवी मोठ्यानं घोळवत, मान डोलवत, शाईत बोरू बुडवत.

एकदा अशीच एक ओवी त्यांना फार आवडली. दुपारी ते नमाजाला गेले. परत येऊन बघतात तो मी धुऊन, सारवून, उन्हात बसलेली. कोरी करकरीत.

"अगं, काय केलंस हे!" मास्तर ओरडले. "पुसायची संध्याकाळी! आज ठेवायची होती ती!"

हमिदाबीनं दचकून दोन्ही हात पाठीमागं नेले. लहान पोरीसारखी मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं, गुर्जी. मारू नका."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. छडी त्यांनी शाळेतही क्वचितच उचलली होती. ते ओट्यावर बसले. तिला म्हणाले, "न्हाय मारत. ये, बस." ती बसेना. मग त्यांनी ती ओवी आठवायचा प्रयत्न केला, आणि दुसरी ओळ काही केल्या आठवेना. डोक्याला हात लावून ते म्हणाले, "घ्या! माझीबी गेली."

भिंतीपलीकडून सारजाबाईचा आवाज आला. "गेली कुठं? सकाळधरनं तीच तर बडबडत व्हता. माज्या तर डोस्क्यात बसलीय." आणि तिनं दळता-दळता गाऊन दाखवली.

विसरली वाट, विसरली घरदार
हातानं सारविते, तरी तख्तीचं शिवार

"बरी हाय," सारजाबाई म्हणाली. "पर मास्तर, शेवटाला 'शिवार' म्हनलाव, तर पेरायचं काय ते बी सांगा की!"

हमिदाबी फिदीफिदी हसली. कशाला हसली ते तिलाही सांगता आलं नसतं. मास्तरही हसले. त्या दिवसापासून लिहिलेलं पुसलं गेलं म्हणून त्यांनी कधी आवाज चढवला नाही. सकाळी मी हातात आले की ते माझ्या कोऱ्या अंगावरून बोट फिरवत आणि म्हणत, "शाब्बास, हमिदा. काय हात हाय तुझा!" आणि नव्यानं लिहायला बसत.

गल्लीत मात्र कुजबुज होतीच. मास्तर बायकोची वेणी घालतात, तिचं लुगडं पिळून वाळत टाकतात. पुरुषमाणसानं असलं करायचं म्हणजे काय! सारजाबाईनंही एकदा चिमटा काढला.

मास्तर मास्तर, हाती धरली ग फणी
बघाया जमल्या, गल्लीच्या सासुरवाशिणी

मास्तर म्हणाले, "बघू द्या. त्यांच्या नवऱ्यांनाबी पाठवा, शिकवीन."

असे दिवस बरे चालले होते. मग एका दुपारी मास्तर बाजारातून आले आणि हमिदाबीनं झटकन पदर तोंडावर ओढला. कोपऱ्यात सरकून म्हणाली, "घरात पुरुष मानूस कुनी न्हाय. मास्तर आले की या."

"अगं, मीच की!"

"कोन तुमी?"

"मी... तुझा नवरा."

हे ऐकून ती किंचाळलीच. पिकल्या दाढीचा एक अनोळखी म्हातारा घरात शिरून म्हणतो मी तुझा नवरा. भ्यायची नाही तर काय करील? सारजाबाई धावत आली, तिला पोटाशी धरलं. मास्तर आपल्याच घराच्या ओट्यावर, चपला पायात तशाच ठेवून, पाहुण्यासारखे बसून राहिले.

आधी कधीतरी व्हायचं ते मग रोज होऊ लागलं. मास्तर पटवून द्यायला जात आणि ती आणखी घाबरे. ते तिला लग्नातली गोष्ट सांगत, तिच्या अब्बांचं नाव सांगत. ती म्हणे, "चांभारचौकशी करून आलाय." आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती जेवेना. परक्या पुरुषाच्या हातचा घास कसा घ्यायचा? आणि घरधनी उपाशी असताना आपण आधी कसं जेवायचं? सारजाबाई रानातून येऊन दोन घास भरवायची, तेवढाच आधार. सुगीचे दिवस होते, सारजाबाई दिवसभर रानात असे. हमिदाबीचे गाल बसले. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. माझ्यावर लेप देताना तिचा हात मला हलका लागू लागला, वाळल्या पानासारखा.

मास्तरांनी लिहिणं थांबवलं. ती मला कोरीच धुवायची, कोरीवरच लेप द्यायची. नमाजाची चटई ते अंथरत, पण दुवा मागायला हात उचलत नसत. सारजाबाईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "रोज एकच मागितलं, हिची याद परत दे. देत न्हाय. आता माझा त्याच्याशी अबोला हाय." आणि त्यांनी बेंबळीला निरोप धाडला. बेंबळीत हमिदाबीचा धाकटा भाऊ वली राहायचा. निरोप एवढाच, की तुझ्या आपाला घेऊन जा. तुझ्या घरात बायका आहेत, त्यांच्या हातून तरी जेवेल.

वली बैलगाडी घेऊन आला, सोबत त्याची बायको सकिनाबी. वली मनानं चांगला, पण रीतीभातीचा पक्का. आल्या आल्या म्हणाला, "दुल्हाभाई, मी आधीच म्हनत व्हतो. बाईमानसाचं बाईमानसानंच करावं. तुमी फणी हातात घेतली तवाच मला बोलवायचं."

सकिनाबी हमिदाबीचे केस विंचरू लागली. गुंता होता, तिनं जरा ओढलं. हमिदाबी कळवळून म्हणाली, "हळू ग. मास्तर किती हळू विंचरतात!" वली खाली बघून बैलांच्या दाव्याशी चाळा करू लागला.

गाठोडं बांधलं. मास्तरांनी मलाही त्यात खोचलं. म्हणाले, "वली, हिला रोज ही धुवायला देत जा. अंगणात ऊन येतं ना तुझ्या?" ते गाडीच्या चाकामागं जाऊन उभे राहिले, तिला दिसू नये म्हणून. दिसले तर पुन्हा घाबरेल ना!

सगळं तयार झालं आणि हमिदाबी उठेना. ओट्याच्या पायरीवर मांडी घालून बसली. वलीनं समजावलं, सकिनाबीनं हात धरला.

"मी न्हाय येत," ती म्हणाली. "घर कुनावर सोडू? नबीलाल यायचा हाय शाळेतून."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, ह्यात एवढं काय? पण आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हिंदूंच्या घरात नाहीत आणि मुसलमानांच्याही. 'मास्तर' म्हणतील, 'घरचे' म्हणतील, नाही तर नुसताच घसा खाकरतील. फार झालं तर सणासुदीला एखाद्या उखाण्यात लपवून घेतील. हमिदाबीनं आजवर ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. आणि आज भर गल्लीत, उघड्यावर, एखाद्या सवंगड्याचं घ्यावं तसं घेतलं.

"तोबा, तोबा!" वलीनं कानाला हात लावले. "बघितलं, दुल्हाभाई? आता कायबी उरलं न्हाय हिच्यात. नवऱ्याचं नाव घेती!"

सारजाबाईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती कोण जाणे.

आणि चाकामागं मास्तर? मी गाठोड्यातून डोकं बाहेर काढून बघत होते. त्यांच्या तोंडावर असं काही आलं, की मला त्यांचा पहिल्या दिवशीचा चेहरा आठवला, 'मग ही माझी' म्हणतानाचा. वलीला वाटत होतं काही उरलं नाही. मास्तरांनी ऐकलं ते वेगळंच. तिनं त्यांचा चेहरा हरवला होता, पण त्यांची वाट बघणं सोडलं नव्हतं. ज्या म्हाताऱ्याला ती घराबाहेर काढत होती, त्याच्याचसाठी उपाशी बसली होती.

मास्तर पुढं आले. टोपी नीट केली. परका माणूस उभा राहतो तसे लांब, मान वळवून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, सलाम. मास्तरांनी पाठवलंय मला. नबीलाल मास्तरांनी."

हमिदाबीनं पदर सारखा केला, पण घाबरली नाही. "काय झालं? बरे हायत न्हवं?"

"बरे हायत. शाळेत साहेब आलाय तपासायला, उशीर व्हईल म्हनले. तुमी जेवून घ्या म्हनले. वाट बगू नका म्हनले."

"जेवून घ्या म्हनले?" तिनं संशयानं विचारलं. "त्यास्नी कसं कळलं मी जेवले न्हाय?"

"त्यांना सगळं कळतं."

"कशाचं कळतंय!" हमिदाबी एकदम फणकारली. "कोरड्यासात मीठ घातलं न्हाय तरी गुमान जेवून उठतात. इचारलं तर म्हनतात, झकास झालंय!"

सारजाबाईला आता हसू आवरेना. मास्तरांनी हळूच आणखी एक पाऊल पुढं टाकलं. "भाकरी धाडलीय त्यांनी. माझ्याच हाती दिलीय."

घरातलीच भाकरी मागच्या दारानं आणून त्यांनी तिच्यापुढं ठेवली. सोबत शेंगदाण्याची चटणी. हमिदाबीनं भाकरीकडं पाहिलं, आणणाऱ्याकडं नाही, आणि घास मोडला. मग दुसरा. "तुमीबी बसा की," ती तोंडात घास असताना म्हणाली. "लांबून आलाव. नबीलालचा मानूस म्हंजे घरचाच."

मास्तर पायरीवर बसले.

वलीनं हे सगळं बघितलं. मग त्यानं बैल सोडले आणि त्यांना पाण्यावर नेलं. परत आला तेव्हा गाठोडं गाडीतून काढून त्यानं आत नेऊन ठेवलं. जाताना मास्तरांना म्हणाला, "दुल्हाभाई, मला न्हाय जमलं असतं हे. माझं डोकं न्हाय चाललं असतं." सकिनाबीनं मास्तरांना गुपचूप सांगितलं, की दर बाजाराला ती येत जाईल, न्हाऊ घालायला. ती येते अजून.

त्या दिवसापासून मास्तर रोज नबीलालचा निरोप घेऊन घरात येतात. आज मास्तर अमुक गावाला गेलेत, आज त्यांना पाटलाकडं कागद लिहायला बसवलंय, तुम्ही जेवून घ्या म्हणालेत. कधी तिला खरंखुरं ओळखू येतं. मग ती 'मास्तर' म्हणते आणि त्यांच्या दाढीला लागलेला शाईचा डाग नखानं काढते. अशी दुपार आली की मास्तर निरोप-बिरोप सगळं विसरून जातात. ती दुपार गेली की पुन्हा घसा खाकरून दारात उभे राहतात, "बाई, सलाम."

आणि मित्रांनो, ती ह्या निरोप्याशी गप्पा मारते! नबीलाल कसा आहे ते सांगते. हट्टी आहे म्हणते. घोरतो म्हणते. पहिल्या दिवाळीला सारजाच्या घरच्या करंज्या माझ्यासाठी रुमालात बांधून आणल्या आणि एवढ्याशा वाटेत तीन स्वतःच खाल्ल्या, म्हणते. "पर एक सांगू का तुमास्नी? मला लेकरू झालं न्हाय. लई जणांनी त्याला सांगितलं, दुसरी कर. त्यानं त्या मानसांच्या घरी पाणी पिणं सोडलं. मला कधी बोलला न्हाय ह्यातलं. मला सगळं कळलं व्हतं, पर मीबी कधी बोलले न्हाय."

मास्तरांना हे ती त्यांच्या तोंडावर कधी सांगणार होती? संसार झाला, पण एकमेकांना असलं कोण सांगतं? निरोप्याला सांगितलं तिनं. मास्तर मान खाली घालून पायरीची माती उकरत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पुन्हा मांडीवर घेतलं. बोरूचं टोक वाळलं होतं, ते तासून नवं केलं.

माझी वाट बघे, मला बसवून शेजारी
दोन्हीकडं मीच, उंबऱ्याच्या आत-बाहेरी

संध्याकाळी तिनं ती धुतली. सारजाबाईनं तोवर ती पाठ करून टाकली होती. आता ती तिच्या जात्यावर आहे, तिच्या सुनांच्या तोंडी आहे. कुणी केली ते सुनांना ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी नमाज झाल्यावर मास्तरांचे हात पुष्कळ दिवसांनी दुवेसाठी वर आले. मी भिंतीशी वाळत होते, म्हणून ऐकू आलं. त्यांनी तिची याद परत मागितली नाही. म्हणाले, "या अल्ला, हिला उद्या भूक लागू दे. आणि मला उद्याचा निरोप सुचू दे." एवढंच. मग तोंडावरून हात फिरवले आणि चटई गुंडाळली. तेव्हापासून त्यांचा अबोला सुटला आहे. रोज तेवढंच मागतात. रोज मिळतं असं नाही. ज्या दिवशी मिळत नाही, त्या दिवशी दुसऱ्या दिवसासाठी मागतात.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझी मूठ ढिली झाली आहे, गाठीपासून एक भेग वर चढते आहे. गेल्या पावसाळ्यात मास्तरांनी तिला तारेचा टाका घातला. मी किती दिवस टिकेन ते मला माहीत नाही, आणि हमिदाबी किती दिवस, तेही नाही. पण तुमच्याजवळ एक मागणं आहे.

तुमच्या घरातही कुणी आजी असेल, आजोबा असतील. आज ना उद्या ते तुम्हाला विचारतील, तू कोण रं बाबा? तेव्हा हसू नका आणि रागावू नका. मी तुमचाच नातू म्हणून हट्टानं पटवायलाही जाऊ नका. पटलं तर ठीक, नाही पटलं तर ते बिचारे घाबरतात. त्यांच्यापासून जरा लांबच बसा आणि विचारा, तुम्ही कुणाची वाट बघताय? ते नाव सांगतील. त्या नावाच्या माणसाकडून निरोप आणलाय म्हणा. तो खुशाल आहे म्हणा, जेवून घ्या म्हणालाय म्हणा, आणि पुढ्यात ताट ठेवा.

नाव नीट ऐकून घ्या मात्र. पुष्कळदा ते तुमचंच असतं.